परदेशातून भारतात येऊन मूल दत्तक घेताना : ख्रिस्ती दांपत्यांसाठी माहिती

आपल्या धर्मग्रामांतील असंख्य कुटुंबांचा एक पाय आज परदेशात आहे. आखाती देश, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका अशा ठिकाणी स्थायिक झालेली आपली मुलेमुली नाताळात किंवा मे महिन्यात गावी येतात. त्यांपैकी ज्यांच्या घरी पाळणा हललेला नाही, अशी काही दांपत्ये या सुट्टीत धर्मगुरूंना भेटून एक प्रश्न हळूच विचारतात : “फादर, आम्हाला इथले एखादे बाळ दत्तक घ्यायचे आहे. आपल्या सिस्टरांच्या आश्रमातून मिळेल का?”

प्रश्नामागील तळमळ खरी असते. परंतु प्रश्नामागील समजूत बहुधा तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असते. आश्रमात जावे, बाळ पाहावे, न्यायालयात कागद करावेत आणि बाळाला घेऊन विमानात बसावे, असा काळ आता राहिलेला नाही. तो राहिला नाही हे बालकांच्या दृष्टीने हिताचेच झाले आहे. हे सर्व कसे बदलले, आज योग्य मार्ग कोणता, आणि मूल घरी आल्यावर कुटुंबाने व धर्मग्रामाने काय करावे, याची माहिती येथे एकत्र देत आहोत.

पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेची शिकवण

दत्तकविधान ही पवित्र शास्त्राला परकी असलेली कल्पना नाही. नदीत सोडलेल्या मोशेला फारोच्या कन्येने आपला पुत्र मानले, ही कथा निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात येते. आईबाप गमावलेल्या एस्तेरला तिचा चुलत भाऊ मर्दखय याने आपली कन्या म्हणून वाढवले. संत पौल तर आपल्या सर्वांच्या तारणाचे वर्णनच दत्तकत्वाच्या भाषेत करतो. रोमकरांस, गलतीकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत त्याने देवाशी असलेले आपले नाते दत्तकपुत्राचे नाते म्हणून मांडले आहे. स्नानसंस्कार घेतलेला प्रत्येक जण या अर्थाने दत्तकच आहे. मग कोणत्या तोंडाने आपण दत्तक मुलाला ‘परके’ म्हणावे?

संत जोसेफाचे उदाहरण सर्वांत जवळचे. प्रभू येशूशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते, तरी बाळाला नाव देणे, हेरोदापासून वाचवण्यासाठी परदेशी नेणे, परत आणणे, हाताला काम शिकवणे ही पित्याची सर्व कर्तव्ये त्याने पार पाडली. ८ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘पात्रिस कोर्दे’ या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी हाच विचार मांडला : मूल जन्मल्याने कोणी पिता होत नाही, त्या मुलाची जबाबदारी पत्करल्याने होतो.

कॅथलिक धर्मशिक्षणाच्या २३७९ व्या परिच्छेदात अपत्यहीन दांपत्यांना निराधार मुले दत्तक घेण्याचा मार्ग सुचवलेला आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली ‘फामिलियारिस कोन्सोर्सियो’ या पत्रात आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात दत्तक घेणाऱ्या कुटुंबांना उत्तेजन दिले. मात्र पोप फ्रान्सिस यांनी त्याच ठिकाणी एक इशाराही दिला आहे. दत्तकविधानात मुलाचे हित नेहमी पहिले असले पाहिजे, आणि मुलांचा व्यापार कायद्याने रोखला पाहिजे. या लेखातील पुढील सर्व माहितीमागे हेच तत्त्व आहे. मूल हे दांपत्याची पोकळी भरण्याचे साधन नव्हे. कुटुंब मिळणे हा त्या मुलाचा हक्क आहे.

ख्रिस्ती दांपत्यांचा कायद्यातील दीर्घ प्रवास

आजच्या तरुण पिढीला ठाऊक नसेल, परंतु स्वतंत्र भारतात ख्रिस्ती माणसाला पूर्ण अर्थाने दत्तक घेण्याचा कायदाच दीर्घकाळ नव्हता. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी आणि ज्यू यांना १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचा आधार घ्यावा लागे. त्या कायद्यानुसार दांपत्य मुलाचे केवळ ‘पालक’ ठरे, आईबाप नव्हे. मूल सज्ञान झाले की पालकत्व संपे, आणि वारसाहक्क आपोआप मिळत नसे. ज्या आईने रात्री जागून बाळ वाढवले, ती कागदावर आई नसे. आपल्या जुन्या कुटुंबांपैकी काहींनी हे दुःख मुकाट्याने सोसले आहे.

परदेशी दांपत्येही याच १८९० च्या कायद्याखाली पालकत्वाचा आदेश घेऊन मुले नेत असत आणि आपल्या देशात जाऊन दत्तकविधान करीत. त्यात गैरप्रकार होऊ लागले. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून त्याकडे लक्ष वेधले. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निकाल दिला. मुलाला प्रथम स्वदेशात कुटुंब शोधावे, ते न मिळाल्यासच परदेशाचा विचार करावा, आणि तोही मान्यताप्राप्त संस्थांमार्फतच, ही चौकट त्या निकालाने घालून दिली. त्यातूनच १९९० साली ‘कारा’ म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन यंत्रणेचा जन्म झाला. २०१५ च्या कायद्याने तिला प्राधिकरणाचा दर्जा मिळाला.

जागतिक पातळीवर २९ मे १९९३ रोजी हेग येथे आंतरदेशीय दत्तकविधानाचा करार झाला. भारताने तो २००३ साली मान्य केला आणि १ ऑक्टोबर २००३ पासून तो आपल्याकडे लागू झाला.

ख्रिस्ती दांपत्यांसाठी दार उघडले ते २००० च्या बालन्याय कायद्याने आणि त्यातील २००६ च्या दुरुस्तीने. फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कोणत्याही धर्माची व्यक्ती या कायद्याखाली दत्तक घेऊ शकते. आज बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ आणि दत्तक नियमावली २०२२ हे दोन आधार आहेत. या कायद्याने दत्तक गेलेले मूल सर्व अर्थांनी त्या दांपत्याचे औरस मुलासारखे अपत्य ठरते. नाव, घर आणि वारसा, तिन्हींवर त्याचा हक्क असतो. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचे काम न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सोपवले आहे.

कोणते मूल, कोणते मातापिता?

अनाथ, टाकलेले किंवा जन्मदात्यांनी स्वेच्छेने सोपवलेले मूल प्रथम बालकल्याण समितीपुढे येते. मूल सोपवणाऱ्या मातेला फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात. टाकलेल्या मुलाच्या आईबापांचा शोध घेतला जातो. त्यानंतरच समिती ते मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त असल्याचे जाहीर करते. साठ दिवसांत त्याला भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळाले नाही, तर ते आंतरदेशीय दत्तकासाठी खुले होते. अपंगत्व असलेली मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना या बाबतीत प्राधान्य दिले जाऊ शकते. म्हणूनच परदेशी दांपत्याला निरोगी तान्हे बाळच मिळेल अशी अपेक्षा धरणे वास्तवाला धरून नाही.

मातापित्यांसाठीच्या मुख्य अटी अशा :

१. विवाहित दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे आणि दोघांचीही संमती असावी.

२. मूल आणि मातापित्यांपैकी प्रत्येकाच्या वयात किमान पंचवीस वर्षांचे अंतर असावे.

३. पतिपत्नींच्या वयांची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठ वर्षांसाठी १०० आणि त्यापुढील मुलांसाठी ११० पेक्षा अधिक नसावी. वय नोंदणीच्या दिवशीचे धरले जाते.

४. दोन किंवा अधिक अपत्ये असलेल्या दांपत्याचा विचार विशेष गरजा असलेल्या किंवा सहज कुटुंब न मिळणाऱ्या मुलांसाठीच होतो. नात्यातील व सावत्र मुलांच्या बाबतीत अपवाद आहे.

५. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

या शेवटच्या अटीच्या अनुषंगाने एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. एकट्या व्यक्तीला मूल देण्याच्या तरतुदी आपल्या विवेकाला पटत नसल्याने मदर तेरेसा यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाने २०१५ साली भारतातील आपले दत्तक कार्य थांबवले. मान्यता असलेल्या इतर संस्थांनाही आता आपल्या मर्जीने मूल कोणाला देता येत नाही. सर्व नोंदणी आणि क्रम काराच्या संगणकीय व्यवस्थेतून चालतो. धर्मगुरूंच्या किंवा सिस्टरांच्या शिफारशीने क्रमांक पुढे सरकत नाही, आणि तशी विनंती त्यांना करूही नये.

प्रक्रिया : पायरीपायरीने

पहिली पायरी, जेथे राहता तेथे नोंदणी. हेग करारातील देशात राहणाऱ्या दांपत्याने तेथील मान्यताप्राप्त दत्तक संस्थेकडे किंवा त्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे जावे. जेथे असे दोन्ही नाही, तेथे भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. गावी सुट्टीवर आले असता येथे अर्ज भरून चालत नाही.

दुसरी पायरी, गृहअभ्यास अहवाल. समाजसेवक घरी येऊन दांपत्याशी बोलतात, आरोग्य, उत्पन्न, नातेसंबंध व मनाची तयारी पाहतात. ही परीक्षा समजून घाबरू नये. जे दुःख आहे, विशेषतः अपत्यहीनतेचे, ते येथे मोकळेपणाने बोलावे. न सरलेला शोक नंतर मुलाच्या वाट्याला येतो.

तिसरी पायरी, मुलाची माहिती. क्रम आल्यावर मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल पाठवला जातो. तो आपल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवावा, शंका विचाराव्यात, आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय घ्यावा. प्रार्थना करावी, पण प्रार्थनेच्या नावाखाली वैद्यकीय अहवाल न वाचता सही करू नये.

चौथी पायरी, ना हरकत प्रमाणपत्र आणि आदेश. कारा ना हरकत प्रमाणपत्र देते, त्यानंतर दत्तकाचा आदेश होतो. पुढे हेग कराराच्या तेविसाव्या कलमानुसार अनुरूपता प्रमाणपत्र, नवा जन्मदाखला, मुलाचे पारपत्र आणि त्या देशाचा व्हिसा ही कागदपत्रे होतात.

पाचवी पायरी, प्रवास. मातापित्यांनी स्वतः भारतात येऊन मुलाला न्यावयाचे असते.

सहावी पायरी, पाठपुरावा. परतल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलाच्या प्रगतीचा अहवाल जातो. मुलाला त्या देशाचे नागरिकत्व मिळाल्याची लेखी खात्रीही करून घ्यावी. अमेरिकेत २००० साली झालेल्या कायद्याने दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व दिले, परंतु २७ फेब्रुवारी २००१ रोजी अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना तो लागू झाला नाही. ज्यांच्या आईबापांनी कागद पूर्ण केले नव्हते, असे अनेक जण प्रौढपणी बिननागरिक असल्याचे आढळले.

भावाचे किंवा बहिणीचे मूल

“माझ्या भावाला तीन मुले आहेत, एक मी कॅनडाला नेतो,” असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. नात्यातील दत्तकाला कायदा परवानगी देतो. काका, आत्या, मामा, मावशी आणि आजीआजोबा यांचा त्यात समावेश होतो. मात्र तेथेही काराचे ना हरकत प्रमाणपत्र आणि अधिकृत आदेश आवश्यक आहे. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीपुढे लिहून दिलेला कागद परदेशी दूतावास स्वीकारत नाही. याशिवाय, केवळ परदेशचा व्हिसा मिळावा म्हणून केलेला दत्तक हा दत्तकच नव्हे. त्या मुलाला उद्या विचारावेसे वाटेल, “तिघांतून मलाच का दिले?” या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दोन्ही घरांनी आधी स्वतःला द्यावे.

सावधगिरी

१९९९ व २००१ साली आंध्र प्रदेशात लंबाडा समाजातील गरीब मातांकडून तान्ह्या मुली पैसे देऊन घेतल्या जात असल्याचे उघड झाले होते. त्या मुलींची कागदपत्रे मात्र ‘स्वेच्छेने सोपवलेली मुले’ अशी बनवली जात. हे केवळ भारतातच घडले असे नाही. दक्षिण कोरियाने १९५३ नंतरच्या दशकांत एक लाखाहून अधिक मुले परदेशी पाठवली. तेथील सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये मान्य केले की अनेकांच्या नोंदी खोट्या होत्या आणि शासनाने आपले कर्तव्य केले नाही. चीनने २०२४ साली, नात्यातील दत्तक वगळता, परदेशी दत्तक बंद केला. इथियोपियाने तो २०१८ साली बंद केला.

भारतातही आता बहुतेक मुलांना देशातच घर मिळते. काराच्या नोंदीनुसार २०२४-२५ या वर्षात ४,५१५ मुले दत्तक गेली, त्यांपैकी ४,१५५ देशांतर्गत. प्रतीक्षा लांबण्याचे हे एक कारण आहे, आणि ते आनंदाचे कारण आहे.

प्रतीक्षेला कंटाळलेल्या दांपत्याला गाठण्यासाठी दलाल टपलेले असतात. एखाद्या प्रसूतिगृहातून ‘थेट’ बाळ मिळवून देण्याचे, कुमारी मातेचे बाळ ‘दान’ घेण्याचे आमिष दाखवले जाते. विहित मार्गाबाहेर मूल देणे किंवा घेणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मूल विकणे किंवा विकत घेणे यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि त्यात रुग्णालयाचा कर्मचारी असेल तर किमान तीन ते कमाल सात वर्षे. परंतु शिक्षेपेक्षाही मोठी गोष्ट अशी की त्या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला एक आई असते. आपला आनंद तिच्या असहायतेवर उभारला गेला, तर त्यावर आशीर्वाद मागायला आपण वेदीपुढे कसे उभे राहणार?

पहिले दिवस

मूल हाती आले त्या क्षणाचे स्वप्न दांपत्याने अनेक वर्षे पाहिलेले असते. मुलाने ते पाहिलेले नसते. त्याच्यासाठी त्या दिवशी सांभाळणारी ताई, शेजारच्या खाटेवरचा मित्र, ओळखीचा आवाज आणि वास हे सारे एकदम संपते. म्हणून ते रडेल, जेवणार नाही, किंवा अगदीच गप्प होईल. काही मुले पहिल्या दिवसापासून अनोळखी माणसाच्याही गळ्यात पडतात. तेही भीतीचेच लक्षण असू शकते.

अशा वेळी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. संस्थेतील मुलाचा दिनक्रम, आवडते खाणे व झोपण्याची सवय लिहून घ्यावी. त्याचे जुने कपडे किंवा पांघरूण न धुता बरोबर न्यावे. त्याच्या भाषेतील पाण्याचे, भुकेचे, शू-शीचे, दुखण्याचे शब्द आधी शिकावेत. विदर्भातील किंवा मराठवाड्यातील मूल टोरांटोला जाणार असेल, तर मराठी बोलणारी आई ही त्याला मिळालेली मोठी देणगी ठरते. तिने घरी मराठी सोडू नये. पहिले काही आठवडे भरवणे, अंघोळ घालणे व झोपवणे आईवडिलांनीच करावे. परतीच्या वाटेवर गावी थांबून शंभर पाहुण्यांचे जेवण घालण्याची घाई करू नये. आजीआजोबांना भेटणे पुरेसे आहे.

नव्या आईला लगेच माया वाटली नाही, उलट थकवा व उदासी आली, तर तिने स्वतःला दोष देऊ नये. माया रोजच्या सेवेतून वाढते. गरज वाटल्यास समुपदेशकाकडे जावे.

स्नानसंस्कार आणि धर्मग्रामातील नोंद

कायदासंहितेच्या ११० व्या कलमानुसार नागरी कायद्याने दत्तक घेतलेले मूल ख्रिस्तसभेतही त्या मातापित्यांचेच अपत्य मानले जाते. दत्तकाचा आदेश होईपर्यंत दांपत्य मुलाचे आईबाप नसते, म्हणून स्नानसंस्कारासाठी आदेशाची वाट पाहावी. नोंदवहीत दत्तक मातापित्यांची नावे लिहिली जातात. जन्मदात्यांची नावे लिहिण्याविषयी ८७७ व्या कलमात व बिशप परिषदेच्या नियमांत तरतूद आहे, तेव्हा धर्मगुरूंनी मूळ आदेशाची प्रत पाहूनच नोंद करावी. सात वर्षे पूर्ण झालेल्या, समज आलेल्या मुलाला त्याच्या स्वतःच्या इच्छेने व धर्मशिक्षण देऊनच हा संस्कार द्यावा. एखादे मूल दुसऱ्या धर्माच्या प्रार्थना शिकून आले असेल, तर त्याची थट्टा करू नये. त्याने त्या शब्दांतून देवालाच हाक मारलेली असते.

तसेच १०९४ व्या कलमानुसार दत्तक नात्यातही विवाहबंधनाची आडकाठी आहे. दत्तक पालक आणि दत्तक भावंडे यांच्याशी विवाह वैध होत नाही. नोंद बिनचूक ठेवण्याचे हेही एक कारण.

सत्य सांगावे, आणि लवकर सांगावे

आपल्या समाजात अजूनही मूल दत्तक असल्याचे लपवण्याकडे कल असतो. काही कुटुंबे त्यासाठी गाव बदलतात. परंतु गुपित टिकत नाही. लग्नाच्या वेळी, मालमत्तेच्या वादात किंवा शाळेच्या मैदानात ते बाहेर येते, आणि तेव्हा मुलाला दुःख दत्तक असल्याचे होत नाही, आईबापांनी लपवल्याचे होते. म्हणून ‘दत्तक’ हा शब्द मुलाच्या कानी बालपणापासून, मायेच्या आवाजात पडावा. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी आईवडिलांसह करता येतो. जन्मदात्या आईने गोपनीयता मागितली असेल तर तिचाही मान राखला जातो. मुलाने असा शोध घेतला म्हणजे त्याने आईबापांना नाकारले असे नव्हे. त्या अज्ञात आईसाठी रोजच्या रोझरीत एक नमो मरिया म्हणणारे घर या बाबतीत बरेच पुढे गेलेले असते.

धर्मग्रामाचे कर्तव्य

शेवटी आपल्या सर्वांविषयी. “किती पुण्याचे काम केलेत”, “अगदी तुमच्यासारखाच दिसतो हो”, “आता तुम्हाला स्वतःचे होईल बघा” ही वाक्ये आपण सहज बोलतो. मूल ती ऐकत असते आणि त्यांतून आपण भिकेत मिळालेलो, तात्पुरते आहोत असे शिकते. चर्चच्या पायरीवर त्या कुटुंबाला विचारावयाचे ते एवढेच, जे इतर कोणालाही विचारतो : बाळ झोपू देते का, दात आले का, शाळेत कधी घालणार. प्रतीक्षेत असलेल्या दांपत्यांना मात्र काहीच विचारू नये. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.

नाझरेथच्या त्या घरात सुताराचा मुलगा म्हणूनच सर्वांनी प्रभू येशूला ओळखले, असे शुभवर्तमान सांगते. गावाने दिलेली ती ओळख संत जोसेफाने आपल्या श्रमाने कमावली होती. दत्तक घेणाऱ्या प्रत्येक मातापित्याला आपल्या गावाकडून, आपल्या धर्मग्रामाकडून तेवढीच ओळख हवी असते : हे यांचे मूल.